मधल्या घरातला पाट

सोलापूर
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय केरू,

जयभीम. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि तुझ्या पोराच्या, मल्हारच्या मोबाईलला मेंढरांमागं रेंज नसते, म्हणून पुन्हा पाकिटाचाच रस्ता धरला. एका परीनं बरंच आहे. फोनवर आपण नुसतं "काय? काय?" करत बसतो.

बातमी आमच्या दीक्षाची आहे. ती पुण्याला बँकेत आहे हे तुला ठाऊकच आहे. ती आणि तिच्या ओळखीचे मिळून चौदा जण पुण्याहून विजापूरपर्यंत सायकलवर निघणार आहेत. मोटारसायकल नव्हे, पायानं मारायची. ओळखीपाळखीतून देणग्या जमवल्यात आणि वाटेवरच्या शाळांना पुस्तकं, कपाटं, पाण्याच्या टाक्या देत देत जायचं. सामानाचा टेम्पो मागून येणार. हे सगळं ऐकून आमचे हे म्हणाले, "मी जन्मभर अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सायकल मारत गेलो, एकानं हार घातला नाही." दीक्षा म्हणाली, "बाबा, तुम्ही वाटेत कुणाला काही देत नव्हता." हे म्हणाले, "देत होतो की. पंक्चरवाल्याला."

विजापूर रोडनं जाणार म्हटल्यावर मी तिला म्हटलं, मंद्रूपच्या पुढं आत वळलं की माझी शाळा आहे, ती धरा. सातवीपर्यंत मी आणि केरू तिथं एका बाकावर होतो. पुढं मी मामांकडं राहून मॅट्रिक झाले, तू मेंढरांमागं गेलीस. पोरीनं लगेच शाळेच्या गुरुजींना फोन लावला. आता ठरलं आहे. तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, सकाळी ते सगळे तुमच्याकडं येतील. तू शाळेत जाऊन दीक्षाला बघ. मांडीवर होती तेव्हा मंद्रूपच्या बाजारात तू तिच्या हातात गुळाचा खडा दिला होतास. आता तुझ्या डोक्याच्या वर गेली आहे.

पावसात तुमची मेंढरं वाहून गेल्याचं ऐकलं. बिरप्पा भाऊजींना सांभाळ.

तुझी,
मीना


वस्ती, मंद्रूपजवळ
४ डिसेंबर

मिने,

पाकीट गावलं. बिरोबा तुमाला समद्यास्नी सुकात ठेवू. तुजं अक्षार आजून तसंच हाय, मुंग्या रांगंत चालल्यागत.

शाळंत जाऊन बघ म्हनती व्हय? शाळंत कशाला बघू? माज्या घरी जेवाय येतील ती. समदी. चौदा न्हवं चाळीस येऊ द्यात.

आता नीट वाच. माज्या आयला, अव्वाला, जाऊन लई वरसं झाली. अव्वा हुती तवर तुला घरात येऊ दिलं न्हाय. दारातल्या त्या दगडावर तू बसायचीस आन् अव्वा तुज्या मातीच्या परळात वरनं भाकरी टाकायची. तुजा परळ येगळा, भाईरच्या भित्तीतल्या देवळीत पालता. मी माजी ताटली घिऊन उंबऱ्याभाईर याची आन् तुज्यासंगं खायाची. अव्वा कन्नडात शिव्या द्याची, तू मला इचारायचीस काय म्हनली, आन् मी खोटं सांगायची, "म्हनली, आनी वाढू का."

तू सोलापूरला गेलीस, लगीन झालं, पर पुन्ना ह्या दारात आली न्हाईस. मी बी बोलवलं न्हाय. कुटल्या तोंडानं बोलवू? आमच्या ह्यास्नी घरजावई आनलं, घर माजंच ऱ्हायलं, दगड बी माजाच.

आता बोलवते. तुज्या पोरीला मधल्या घरात, देव्हाऱ्याम्होरं पाट टाकून बसवनार. माज्या ताटात वाढनार. तू बी ये. पावसातनं वाचल्याला एक मेंढा जत्रंसाठी राखलाय, त्यो कापनार. मल्हार कुरकुरतोय, कुरकुरू दे.

केराबाई


सोलापूर
१२ डिसेंबर

प्रिय केरू,

तुझं पत्र मिळालं. दगडाविषयी लिहिलंस त्याला आज उत्तर देत नाही. भेटलो की बोलू.

पण मेंढा कापू नकोस. मी तुला जुन्या हक्कानं सांगते. हे सायकलवाले दुपारपर्यंत जड काही खात नाहीत. केळी, खजूर, शेंगांची चिक्की, एवढ्यावर चालतात. भरल्या पोटानं विजापूरपर्यंत सायकल मारता येते का? फार तर सगळ्यांना घोटभर ताक दे. पावसानं तुमच्या मेंढरांचं अर्धं खांड नेलं. राहिलेल्यात जो धडधाकट मेंढा आहे, तो पाहुण्यांच्या ताटात घालायचा नसतो. देणग्या घेऊन शाळेला द्यायला निघालेली माणसं, त्यांनी वाटेत तुमच्यासारख्याच्या घरचा मेंढा खाऊन जावं, हे माझ्या मनाला पटत नाही.

माझं येणं जमेलसं वाटत नाही. गुडघा त्रास देतो. शिवाय त्या दिवशी पौर्णिमा आहे, माझा उपोसथ असतो, आठ शीलांचा उपास. सकाळी पांढरं नेसून विहारात वंदनेला बसायचं असतं.

रागावू नकोस.

मीना


वस्ती
२२ डिसेंबर

मिने,

ताक दे म्हनती! ताक तर वैऱ्याला बी देत्यात.

तुजी सवय गेली न्हाय. शाळंत बी पेन्शील मोडून अर्दी दप्तरात ठिवायचीस, पुडल्या वरसाला हुईल म्हनून. काटकसर तुज्या घरात कर. माज्या चुलीवर करू नगंस.

घर सारवून झालं, भित्ताडाला चुना दिला. पाट शांतम्माकडनं मागून आनलाय, तिच्या सासूच्या लग्नातला, पितळंच्या फुल्या हायत. सून प्रियंका भाकरी बडवाय गल्लीतल्या बाया गोळा करतीया. आमचं म्हातारं म्हनतंय, "मुक्यमंत्री येनार हाय का?" मी म्हनलं, मुक्यमंत्री आला तर त्याला दारातच बसवीन, मिनाची पोरगी आत.

तू येनार न्हाईस ते कळलं. गुडग्याचं मला सांगू नगंस, माजं बी दोन हायत. पर पोरीला पाटव. पोरगी जेवली की मी समजीन तू जेवलीस. माजं तेवडंच ऱ्हायलंय बग. मरायच्या आदी तेवडं हूं दे.

केराबाई


वस्ती
६ जानेवारी २०२६

सौ. मीनाबाई यांस,

नमस्कार. तुमची मुलगी आन् तिची मान्सं आली. शाळंला कपाट दिलं, पुस्तकं दिली, टाकी दिली. चांगली हायत. गुरुजींनी भाषान केलं. पोरींनी गानं म्हनलं.

मग मी त्यास्नी घराकडं आनलं. सायकली भित्तीला टेकल्या. मी म्हनलं, चला आत. तुमची मुलगी हसली आन् म्हनली, "मावशी, आज उपोसथ हाय, आमी जेवत न्हाय." मी म्हनलं, दोन घास. ती म्हनली, आईनं सांगितलंय. आन् भाईर दगडावर बसली.

त्याच दगडावर.

तितंच बसून बाटलीतलं पानी पेली. माजं न्हाय, सवताचं. समद्यांनी फोटू काडला आन् गेली.

मी आत पाटाजवळ हुबी. ताट वाडल्यालं.

मेंढा आदल्या दिशी कापला हुता. वस्तीनं खाल्ला. मी न्हाय खाल्ला.

तुमाला फेडायचं हुतं ते फेडलं. बराबर केलं. अव्वानं तुमास्नी आत घेतलं न्हाय, तुमच्या मुलीनं माजं अन्न घेतलं न्हाय. आता कुनाचं कुनाकडं काय ऱ्हायलं न्हाय. तुमी हिशोबाला पक्क्या, हे मला ठाव हुतं. पर मुलीला त्या दगडावर बसवाल, एवडं वाटलं न्हवतं.

शाळंला दिलं त्याचं उपकार हायत. द्याला येनारी मान्सं लई मोटी. पर जी घेत न्हाईत त्यास्नी काय म्हनावं, ते मला येत न्हाय.

केराबाई बिरप्पा


सोलापूर
१३ जानेवारी

केरू,

तू मला "तुम्ही" लिहिलंस. आपण सातवीत भांडलो होतो तेव्हासुद्धा तू एवढी लांब गेली नव्हतीस.

जे झालं ते सांगते, काही झाकत नाही. सायकलवाले आदल्या दिवशी सोलापुरात मुक्कामाला होते. दीक्षा घरी झोपली. सकाळी तिच्या बाटलीत पाणी भरता भरता मी तिला म्हटलं, "केराबाईच्या घरी जेवायला बसू नका. त्यांनी मेंढा राखला आहे, तो कापायला लावू नका. उपोसथ आहे म्हणून सांग, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही." मला वाटलं, सगळे दारात येईपर्यंत तू थांबशील आणि पाहुणे जेवत नाहीत म्हटल्यावर मेंढा वाचेल. तो आदल्या दिवशीच कापलेला असेल, हे मला सुचलं नाही. पाहुणे सकाळी येणार म्हणजे मटण रात्रीच चुलीवर चढणार, इतकी साधी गोष्ट. जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला सुचली नाही.

दीक्षा उपोसथ करत नाही. मी करते. आणि उपोसथात दुपारी बाराच्या आत जेवता येतं. हेसुद्धा मला ठाऊक होतं. पांढरं नेसून, "खोटं बोलणार नाही" हे चौथं शील म्हणत मी विहारात बसले होते, त्याच घटकेला माझं खोटं माझ्या पोरीच्या तोंडून तुझ्या दारात बोललं जात होतं.

दगडाचं दीक्षाला काही माहीत नव्हतं. मी तिला कधी सांगितलंच नाही. तिच्या बुटांना खाली लोखंडी चकती असते, ते काढायला वेळ लागतो, म्हणून ती बाहेरच बसली. संध्याकाळी तिनं मला मोबाईलवर फोटो पाठवला. दगडावर बसून हसते आहे, मागं तुझी नवा चुना दिलेली भिंत. मी तिला तेव्हाच फोन करून सगळं सांगितलं. परळ, देवळी, अव्वा, तू ताटली घेऊन बाहेर यायचीस ते. ती म्हणाली, "आई, त्या आतून माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, फोटोत यायला लाजतायत." मग म्हणाली, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" ती आता तुझ्याकडं यायचं म्हणते. मी म्हटलं, आधी मला लिहू दे.

का नाही सांगितलं, याचं उत्तर मी आठवडाभर शोधते आहे. मुलीनं सगळीकडं मान वर करून जावं, तिला असले दगड दिसूच नयेत, असं मला वाटायचं. ते चूक नव्हतं. पण न दिसलेल्या दगडावर माणूस सहज बसतं.

आणखी एक आहे, तेही लिहिते. तू लिहिलंस, फेडायचं होतं ते फेडलं. मी हे वाचलं आणि मोठ्यानं "नाही" म्हटलं. मग स्वतःला पुन्हा विचारलं. मेंढा वाचावा म्हणून मी सांगितलं, हे खरं. पण मला आत यायचं नव्हतं, हेही खरं. गुडघा काही इतका दुखत नव्हता. तू पाट मांडणार असं वाचलं तेव्हा मला आनंद झाला पाहिजे होता. झाला नाही. म्हणजे मनाच्या तळाशी कुठंतरी अव्वाच्या भाकरीला "नको" म्हणायचं राहून गेलं होतं. अव्वा गेली. "नको" तेवढं राहिलं आणि ते तुझ्या ताटावर पडलं. ज्या एका माणसानं माझ्यासाठी उंबरा ओलांडला, तिच्या.

मला उत्तर दे. शिव्या दे, कन्नडात दे. मी कुणाला तरी अर्थ विचारीन.

तुझी,
मीना


सोलापूर
२२ फेब्रुवारी

कार्ड पहिलं

केरू, हे कार्डावर लिहिते आहे. एकात मावणार नाही म्हणून चार घेतली आहेत. पाकीट का नाही, ते पुढच्या कार्डावर सांगते.

काल मी तुझ्याकडं आले होते. तुझं उत्तर येईना. हे म्हणाले, "तिकडचं पोस्ट हळू चालतं." मी म्हटलं, केरूचा राग हळू चालतो. आणखी एक पाकीट पाठवलं, तेही गप्प. मग काल एसटीनं मंद्रूप, तिथून वडापच्या जीपनं वस्ती. दार बंद. शेजारची नागम्मा परड्यात शेण थापत होती. म्हणाली, "मेंढरं घिऊन समदी भीमंपल्याड गेली. केराबाई बी गेली. म्हातारीनं जायाचं न्हवतं, पर हितं घर खायाला उटतंय म्हनली."


कार्ड दुसरं

मी विचारलं, माझी पत्रं मिळाली का तिला? नागम्मानं बाहेरच्या देवळीकडं बोट केलं. तिथं दोन्ही पाकिटं होती, एकावर एक, न फोडलेली. जिथं माझा परळ असायचा तिथं. नागम्मा म्हणाली, "मिनाचं हाय म्हनली आन् ठिवलं. मी म्हनलं फोड की गं. तर म्हनली, मला ठाव हाय काय लिवलं आसंल, गोड लिवलं आसंल."

मी गोड काही लिहिलं नव्हतं, केरू. पण तुला ते कसं कळणार.

म्हणून कार्ड. कार्ड फोडावं लागत नाही. वाटेत पोस्टमन वाचेल, नागम्मा वाचेल, मल्हार वाचेल. वाचू देत. आतापर्यंत हे सगळं मी पाकिटात ठेवलं, दीक्षापासूनसुद्धा. तर सगळ्यांदेखत लिहिते: त्या दिवशी उपोसथाचं कारण खोटं होतं. ते माझं होतं, पोरीचं नव्हे. दगडाचं तिला काही ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी तिला सांगितलं नव्हतं. चूक माझी.


कार्ड तिसरं

नागम्मा म्हणाली, "उन्हाची आलीयास, बस की दगडावर." मी बसले नाही. गुडघा खरोखरच दुखत होता, या वेळी खोटं नाही, तरी उभीच राहिले.

मग ती म्हणाली, "हिकडं ये, दावते तुला." तिनं मला खिडकीपाशी नेलं. फट आहे तेवढ्यातून आत बघितलं. मधलं घर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. लहानपणी मला ते केवढं तरी मोठं वाटायचं. एवढंसं आहे गं. देव्हारा, दोरीवर घोंगडी, कोपऱ्यात दळणाचं पोतं. आणि मधोमध पाट. पितळी फुल्यांचा.

नागम्मा म्हणाली, "शांतम्मा दोनदा मागाय आली, पाट दे म्हनून. दिला न्हाय. सुनंला उचलू दिला न्हाय. त्येला वळसा घालून जात्यात समदी. म्हातारा अडकून पडला एकदा, तरी उचलू दिला न्हाय."


कार्ड चौथं

एसटीत मी सगळा रस्ता रडले. शेजारची बाई म्हणाली, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, नाही, आहे.

नागम्मा म्हणते, मल्हार दळण न्यायला मधून मधून वस्तीवर येतो. त्याच्या हाती ही कार्डं पोचतील. तू कधी परत येशील ते मला कळव. नाही कळवलंस तर नागम्मा कळवेल, तिला मी रिकामी कार्डं माझा पत्ता घालून देऊन आले आहे.

दीक्षाला मी नंतर घेऊन येईन. आधी मी एकटी येणार. सायकली नकोत, फोटो नको, मेंढा तर मुळीच नको. शिळी भाकरी असली तरी चालेल. दारात "ये" म्हण, नाहीतर म्हणू नकोस, मी उंबरा ओलांडून येईन आणि त्या पाटावर बसेन. मग उठव मला, उठवायचं असेल तर.

पाट उचलू नकोस केरू. मला भूक आहे.

मिना